टेपच्या खोलीतून, खरखरीसकट

३ जून

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही मुलाकडे राहायला गेल्यापासून हे माझं पहिलं पत्र. रीतीने पाहिलं तर पहिलं पत्र तुमचं यायला हवं होतं, कारण निरोपाच्या दिवशी "पोहोचले की कळवते" असं तुम्ही म्हणाला होतात. मी वाट पाहिली, मग सोडून दिली. ते असो. आज लिहितोय ते विभागाच्या कामासाठी, माझ्यासाठी नाही.

विद्यापीठाने एक समिती नेमली आहे. आपल्या परभाषा विभागातल्या मुलांची भाषा पूर्वीपेक्षा घसरली की नाही, एवढंच तिने ठरवायचं. घसरली असं निघालं, तर बुधवारचा संभाषणवर्ग बंद होईल आणि चिमणीची नेमणूक पुढे चालू राहणार नाही. तुमच्या जागेवर आल्यापासून सगळे तिला मॅडम म्हणतात. मीही चारचौघांत म्हणतो. पण पहिल्या वर्षाला असताना तिचा आवाज यंत्रात उमटेचना, तेव्हा तुम्ही तिला चिमणी म्हणालात, आणि माझ्या तोंडात तेच बसलं आहे.

समितीच्या कागदावरचं पहिलं वाक्य तुमचं आहे, हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. "या विभागात आता बडबड आहे, भाषा नाही." निरोपाच्या दिवशी व्यासपीठावरून बोललात ते. तुमचं नाव घातलेलं नाही, पण वाक्य शब्दशः तुमचं. ते भाषण मीच टेप केलं होतं, म्हणून खात्रीने सांगतो. चिमणी तेव्हा तुमच्या हाताखाली शिकवायला लागली होती, आणि पहिल्या रांगेत, तुम्हाला द्यायचा गुच्छ मांडीवर घेऊन बसली होती. तो गुच्छ नंतर मी टेबलावर नेऊन ठेवला. तुम्ही दुसरीकडे बघत होतात.

मी कुणाच्या बाजूचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही शिकवायचात: शब्द येत नसेल तर थांबा, आठवा, नेमका शब्द आला की मगच तोंड उघडा. चिमणी शिकवते: शब्द अडला तर वळसा घाला, पण थांबू नका. परवा एका मुलीला 'शिडी' हा शब्द आठवेना, तर ती "उंच जायचा लाकडी रस्ता" म्हणाली आणि वर्गात टाळ्या पडल्या. टाळ्या! मी कँटीनमध्ये चारचौघांसमोर सांगितलं की बाई असत्या तर तिला त्या शिडीवर उभं केलं असतं.

समितीला तीन बाहेरचे कान हवे आहेत. तुम्ही सुरू केलेली पद्धत अजून चालू आहे: प्रत्येक मुलाने आल्यावर एकदा आणि जाताना एकदा काचेच्या कप्प्यात बसायचं, तेच एक चित्र पाहायचं आणि परभाषेत बोलायचं. इतक्या वर्षांचे आवाज माझ्या कपाटात आहेत. त्यांतले निवडक, नाव-साल न सांगता, तुम्हा तिघांना ऐकवायचे आणि गुण मागायचे. तुमचं नाव मी सुचवलं. तुमच्याइतका तयार कान माझ्या माहितीत दुसरा नाही.

आणि एक. शाळा अर्ध्यात सुटलेल्या, तारा जोडायला आलेल्या माणसाला पहिल्याच परीक्षेत तुम्ही शेवटच्या कप्प्यात बसवलंत. "यंत्र तपासायचंय ना? मग तुम्हीच बोला काहीतरी," म्हणालात. मला तेव्हा जेमतेम दोनशे शब्द येत होते, तेही मुलांच्या टेपा उतरवताना कानावर पडलेले. त्या दिवसाचे आभार मानायचे राहून गेले होते. ते या पत्रात उरकून घेतो.

आपला,
फीतवाले


१९ जून

आदरणीय बाई,

तुमचं कार्ड मिळालं. "ऐकेन. मात्र नावं आणि सालं मला कळता कामा नयेत. इथे ती भाषा कुणालाच येत नाही, कानाला बरं वाटेल." तीन वाक्यं. मी तिन्ही वाचून दाखवली, तर आमच्या घरातून शेरा आला, "तुमच्या बाई तारेच्या भाषेतच लिहितात का हो अजून?" मी म्हटलं, नेमकं लिहितात.

सोबत पेनड्राइव्ह आणि हेडफोन पाठवत आहे. मुलाच्या मोबाइलचे ते कानात खुपसायचे बोळे वापरू नका, त्यात आवाजाचा तळ ऐकू येत नाही. प्रत्येक आवाजाला फक्त क्रमांक आहे. कोणता क्रमांक कुणाचा, ते मला एकट्याला माहीत. समितीचे कारकून विचारायला आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं.

जुनी रिळं काढताना हाताला व्हिनेगरसारखा वास येतो. एकेक रीळ सुकवलं, यंत्राचं हेड स्पिरिटने पुसलं आणि मगच लावलं. मूळ आवाजाला मी हात लावलेला नाही. आजकाल संगणकात बटण दाबलं की आवाज धुऊन निघतो, पण जो जसा बोलला तो तसाच तुमच्यापर्यंत पोहोचावा, हा माझा नियम आहे. एक रीळ मात्र तुटलं. त्या जागी त्याच तुकडीतला दुसरा आवाज घातला आहे.

चित्र तुम्हाला पाठ असेलच, तरी प्रत जोडली आहे. स्वयंपाकघर. डाव्या कोपऱ्यात खिडकी, चुलीवर उतू जाणारं भांडं, फोनवर बोलणारी बाई, टेबलाखाली मांजर, आणि उजवीकडे किल्ली शोधणारा माणूस, जी त्याच्याच दुसऱ्या हातात आहे. तुमची मुलं खिडकीपासून सुरू करायची. आजची मुलं थेट त्या माणसापासून सुरू करतात आणि आधी हसून घेतात.

चिमणीला सांगितलं की तुम्ही तयार झालात. ती खडूची पावडर झटकत होती. म्हणाली, "बरं झालं, काका. बाईंच्या कानाला फसवता येत नाही."

"तुमची नेमणूक त्यांच्या कानावर टांगली आहे, कळतंय ना?" मी म्हटलं.

"नेमणुकीचं बघू. मला भीती वेगळीच आहे."

"कोणती?"

"त्या बरोबर असतील ही. मग इतकी वर्षं मी पोरांचं काय केलं?"

हे तुम्हाला कळवावं की नाही, यावर विचार केला. कळवलं. गुणांवर परिणाम होऊ देऊ नका.

आपला,
फीतवाले


८ जुलै

आदरणीय बाई,

तुमचे गुण आणि शेरे मिळाले. इतक्या बारकाईने, प्रत्येक आवाजाला दोन-दोन ओळी लिहून, या वयात डोळ्यांना त्रास देऊन तुम्ही हे काम केलंत. कसे आभार मानू? बाकीच्या दोघांनी नुसते आकडे पाठवले.

क्रमांक आणि सालं जुळवून पाहिली. तिघांच्याही गुणांत जुनी मुलं वर आणि नवी खाली. तुम्ही म्हणालात तसंच. मी खूश होऊन चहा मागवला. मग शेरे वाचायला बसलो, आणि चहावर साय धरली.

बाई, आता जे लिहितो ते बसून वाचा.

क्रमांक चौदा. तुम्ही लिहिलं आहे: "हाच तो स्वर. सावकाश, तोलून, एकेक शब्द निवडून. अशी मेहनत आता कुठे ऐकायला मिळणार! माझ्या काळातली मुलगी." गुण सगळ्यांत जास्त.

ती मुलगी सध्या शेवटच्या वर्षाला आहे. बुधवारच्या वर्गातली आहे. तीच ती, लाकडी रस्तावाली. तिची बोलायची वेळ होती त्या दिवशी नवं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून मी तिला जुन्या रिळाच्या यंत्रावर घेतलं होतं.

क्रमांक एकतीस. तुमचा शेरा: "शब्दांची घाई. स्वतःवर नको तेवढा विश्वास. ऐकणाऱ्याची पर्वा नाही. आजची पिढी." गुण सगळ्यांत कमी.

बाई, तो मी.

पहिल्या परीक्षेतला, शेवटच्या कप्प्यातला. तुटलेल्या रिळाच्या जागी त्याच तुकडीतला दुसरा आवाज घातला असं लिहिलं होतं ना, तो माझा. आणि बाकी कुणाच्या आवाजाला हात न लावणाऱ्या मला, स्वतःचा आवाज तुमच्या कानावर जाणार म्हटल्यावर राहवलं नाही. मी तो संगणकात धुतला. खरखर काढली, चकचकीत केला. घरी हे सांगितलं तेव्हा बायको पदर तोंडाला लावून हसली. "नवरदेवासारखे नटून गेलात, आणि बाईंनी ओळखलंसुद्धा नाही!"

हसून झाल्यावर ती म्हणाली, "पण अहो, त्यांनी माणूस ऐकलाच नाही. खरखर ऐकली."

मी सगळे शेरे पुन्हा काढले. तिचं बरोबर आहे. जिथे जुन्या फितीची खरखर, तिथे तुमच्या शेऱ्यात मेहनत, तोल, शिस्त. जिथे स्वच्छ आवाज, तिथे घाई आणि बेफिकिरी. इतर दोघांचंही तसंच. नावं लपवली, सालं लपवली, कारकुनाला दारातून हाकललं, आणि साल मात्र प्रत्येक आवाजाच्या पाठीमागे खरखरत होतं. मूळ आवाजाला हात लावायचा नाही, या माझ्या नियमानेच घात केला. आणि शेरे वाचेपर्यंत मलाही तसंच ऐकू येत होतं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

हा निकाल समितीपुढे ठेवता येणार नाही. तुम्ही तो खोडावा अशी विनंती नाही. पुन्हा ऐकावं अशी आहे.

आपला,
फीतवाले


२२ जुलै

आदरणीय बाई,

उत्तर नाही. मी समजू शकतो. माझ्यावरही कुणी असा प्रयोग केला असता तर माझाही तिळपापड झाला असता.

तरी कामाचं कळवतो. दरम्यान सगळे आवाज मी जुन्या यंत्रावर, एकाच जातीच्या फितीवर चढवून परत उतरवले आहेत. जुने, नवे, सगळ्यांना आता सारखीच खरखर. क्रमांक बदलले आहेत. माझा आवाज काढून टाकला. त्याचे गुण मला मिळाले आहेत, पुरेत.

समितीच्या कारकुनाने डोक्याला हात लावला. "काका, निकाल लागल्यावर पेपर परत काढता? तुमच्याच बाईंच्या बाजूने लागला होता की!" मी म्हटलं, बाईंच्या बाजूचा आहे म्हणूनच काढतोय. त्यांच्या नावावर खोटा निकाल जाऊ देणार नाही. बाकीच्या दोघांनी पुन्हा ऐकायचं कबूल केलं आहे. समिती तुमच्यासाठी पंधरवडा थांबेल.

चिमणीला मी काहीच सांगितलेलं नाही. ती विचारत नाही. काल मात्र टेपच्या खोलीत येऊन तिने तिच्या खोलीची जादा चावी माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे, काका. नंतर घाईत विसरायला नको." आवाज पहिल्या वर्षाला होता तसा झाला होता. यंत्रात उमटला नसता.

दुसरा पेनड्राइव्ह सोबत आहे. नाही ऐकलंत तरी पहिल्या वेळचे आभार कमी होत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

आपला,
फीतवाले


६ ऑगस्ट

आदरणीय बाई,

पाकीट मिळालं. आत गुण, शेरे, आणि एक कॅसेट. पत्र नाही. कॅसेटवर तुमच्या अक्षरात: "यालाही क्रमांक द्या." तिच्याविषयी शेवटी लिहितो. आधी निकाल. तुम्ही ऐकलंत, तेव्हा सगळ्यात आधी कळण्याचा हक्क तुमचा.

या वेळी वर-खाली असं काही राहिलं नाही. तिघांच्याही गुणांत जुनी आणि नवी मुलं एकमेकांत मिसळून गेली. शेऱ्यांतून मात्र वेगळंच दिसतं. जुनी मुलं चुकत नाहीत, पण बऱ्याच जणांचं मांजरापर्यंत येता येता संपतं. शब्द अडला की थांबतात आणि थांबलेलीच राहतात. नवी मुलं चुकतात, लिंग-वचनाची पार वाट लावतात, पण त्या माणसाच्या हातातल्या किल्लीपर्यंत पोहोचतात. तुमचाच शेरा आहे, क्रमांक नऊला: "चुका फार. तरी चित्र दिसलं." बाई, या पाच शब्दांसाठी मी तुमचा ऋणी आहे. ते लिहिताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला कळतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती समितीने विचारलीसुद्धा नव्हती. मी प्रत्येकाचे येतानाचे आणि जातानाचे गुण शेजारी मांडले. तुमच्या काळातली मुलं येताना चांगली बोलत होती आणि पदवी घेऊन जाताना त्याहून कमी. बहुतेक सगळी. शेवटच्या वर्षाला नुसतं वाचन आणि लेखन, बोलायचा तासच नव्हता, मग जीभ गंजणारच. आल्यापेक्षा पुढे जाऊन बाहेर पडली ती फक्त बुधवारच्या वर्गातली मुलं.

शेवटच्या वर्षाला बोलायचा तास द्या, असा अर्ज कोण करत होतं, बाई? दर वर्षी कोण करत होतं? मी स्वतः ते अर्ज कार्यालयात नेऊन देत होतो आणि "पुढच्या वर्षी बघू" ऐकून परत येत होतो. तुम्ही निवृत्त झालात, आणि तो तास, म्हणजेच हा बुधवारचा वर्ग, पुढच्याच वर्षी मिळाला. चिमणीने कुठलाही नवा अर्ज केला नव्हता. तुमचाच शेवटचा अर्ज उचलून, कार्यालयाच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. "बाईंनी मागितलेलं आहे, ते घेतल्याशिवाय उठणार नाही," म्हणाली. हे मी आधी लिहायला हवं होतं. पण मी तुमच्या बाजूचा होतो ना.

समिती सोमवारी बसते आहे. मला बोलावलं आहे. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

आता कॅसेट. मी ती एकट्याने ऐकली. दार लावून. काही लिहीत नाही. क्रमांक दिला आहे.

तुमच्या ऋणातला,
फीतवाले


१४ ऑगस्ट

प्रिय बाई,

इतकी वर्षं आदरणीय लिहीत आलो, आज हात आपोआप इकडे वळला. चालवून घ्या.

वर्ग राहिला. चिमणीची नेमणूक राहिली, आणि दर वर्षी नव्याने करायची नाही, कायमची करावी अशी शिफारस समितीने केली. मी तिथे चांगला बोललो, असं सगळे म्हणतात. खरखरीचं सांगितलं तेव्हा अध्यक्ष हसले, आणि मग हसायचे थांबले. तुमचं ते वाक्य कागदावरून काढलं गेलं. काढा असं मीच म्हटलं, आणि तुमचं दुसऱ्या वेळचं वाक्य तिथे घाला म्हटलं. आता पहिल्या ओळीत आहे: "चुका फार. तरी चित्र दिसलं."

चावी मी चिमणीला परत केली. मग तिला टेपच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, "एक आवाज राहिलाय. मोजणीत धरलेला नाही, पण गुण द्या."

"कुणाचा?"

"नाव सांगायचं नाही, असा नियम आहे."

तिने हेडफोन चढवले. कॅसेट मी आधीच इतर आवाजांसारखी रिळावर उतरवली होती, ती फीत जुन्या यंत्रावर लावली. माझ्या कानाला दुसरा हेडफोन होता, म्हणून ती कुठे काय ऐकत होती ते मला कळत होतं.

तुम्ही खिडकीपासून सुरू केलंत. हळू. मध्येच भांड्याकडे गेलात, परत खिडकीकडे आलात. फोनवरच्या बाईला अख्खं एक वाक्य दिलंत, आणि ते चुकलं. मांजराशी थांबलात. तिथे चिमणीने कपाळाला आठ्या घातल्या, पेन्सिलने काहीतरी टिपलं. मग किल्लीवाला माणूस आला, आणि तुम्हाला शब्द आठवेना.

किती वेळ शांतता होती! खरखर, आणि तिच्यात टेबलावर बोटातली अंगठी वाजल्याचा आवाज. टक, टक. वर्गात मुलगा चुकला की वाजायची तीच. या वेळी तुम्ही ती स्वतःसाठी वाजवत होतात. चिमणीची पेन्सिल थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

मला माहीत होतं पुढे काय आहे. तरी मला वाटलं, इथेच बाई यंत्र बंद करतील.

आणि तुम्ही म्हणालात: "त्याच्या दुसऱ्या हातात... ते आहे... ज्याच्याने घर उघडतं."

बाई, ती हसली. आवाज न करता. गाल ओले झाले होते, तरी हसत होती. फीत संपून रीळ मोकळं फिरायला लागलं, तरी तिने हेडफोन काढले नाहीत. मी यंत्र बंद केलं तेव्हा म्हणाली, "काका, चित्र पुरं केलं त्यांनी."

"गुण?"

"गुण नंतर. आधी शेरा." आणि तिने लिहिलं. जसाच्या तसा उतरवून देतो: "सराव नसल्याने जीभ जड झाली आहे. शब्द अडला, पण थांबली नाही. बुधवारी तीन वाजता वर्गात हजर राहावे."

मी म्हटलं, विद्यार्थिनी लांब राहते. ती म्हणाली, "मग फोन तुम्ही जोडून द्या. टेपच्या खोलीतून वर्गात आवाज नेणं हे तुमचं काम." तार मी आजच टाकली आहे, भिंतीच्या कडेने, दाराशी पाय अडकणार नाही अशी. मुलं विचारत होती कोण येणार आहे. चिमणी म्हणाली, "नवी मुलगी आहे. नीट बोला तिच्याशी, घाबरवू नका."

लाकडी रस्तावाली म्हणाली, "मी बसते ना त्यांच्याजवळ, मॅडम." फोनजवळ, असं म्हणायचं होतं तिला. कुणी सुधारलं नाही. मीही नाही.

कॅसेट माझ्या कपाटात आहे, पहिल्या तुकडीच्या शेजारी. हिच्यावरची खरखर काढलेली नाही, काढणारही नाही. बुधवारी पावणेतीनला फोन लावतो. रिसीव्हर तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि अंगठी काढून ठेवा, नाहीतर मुलांना वाटेल ती चुकली.

तुमचा,
फीतवाले